डावं दार

कसबा बावड्याच्या वाटेवर जीपची दारं बसवणारा एक मिस्त्री आहे. एवढा वैताग आणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. माझ्या जीपची दारं गंजून गेली, म्हणून जुन्या बाजारातून दुसरी आणून त्याच्याकडं टाकली. उजवं दार त्यानं एका दिवसात बसवलं. डाव्यासाठी मला चार खेपा घालायला लावल्या.

तो आपल्याशी बोलतो, पण बघतो दाराकडं. फटीत कागद धरायचा, दार लावायचं, कागद ओढायचा आणि मान हलवायची.

"वैनींना घिऊन या की आण्णा. डावीकडं बसणारं माणूस बसल्याबिगर मी बिजागरी आवळत न्हाय. वजनानं बॉडी दबती."

बायकोला जाऊन पाच महिने झाले होते. ते मला तोंडानं सांगवत नव्हतं. "येत न्हाय ती," एवढंच म्हणायचो.

"रुसल्यात काय? तुमचं तोंड बघून मी बी रुसलो असतो."

चौथ्या खेपेला मी ओरडलो, "मेली ती! आवळ आता!"

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी आवळून मोकळा करेल. तर त्यानं पाना खाली ठेवला आणि डावं दार उघडून धरलं.

"मग तुमी बसा."

"त्या बाजूला मी कवाच बसलो न्हाय."

"म्हणून काय झालं? बसा."

बसलो. त्यानं दार हळू लावलं, कागद ओढला.

"अजून सुतभर खाली हाय," म्हणाला आणि परत पाना उचलला.

मी शिवी दिली, पण उतरलो नाही.