काढण्याआधी ऐकलेले भाव

आम्हा अंध संगणक वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर लॉटरीच्या, कर्जाच्या जाहिराती घुसतात. मनमाडच्या एक ताई त्या काढून टाकतात. त्याही अंध, त्यामुळे संगणक वाचून दाखवेल ते ऐकूनच काढतात. मी टाकलेले लासलगावच्या कांद्याचे भावही त्यांनी जाहिरात म्हणून रोज उडवले. शेवटी मी फोन करून भांडलो.

"हवं तर मला ग्रुपमधून काढा, पण लॉटरीवाल्यांच्या रांगेत बसवू नका."

"भाऊ, धंदा इथे नाही, हा नियम सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "पण लॉटरीवाल्याला मी दोन शब्दांतच उडवते. तुमचे भाव शेवटपर्यंत ऐकते. काल लाल कांदा एवढा का उतरला?"

राग अजून आहे. तरी भाव रोज टाकतो. त्या ऐकतात आणि काढतात.