सुपरहिरो कुटुंबाचे बारा अंक आणि माझा एक कागद

आमच्या गावच्या वाचनालयात दाराजवळ काचेचा एक फळा आहे. नवीन पुस्तक घेतलं की समितीतला कोणीतरी ते वाचतो, त्यावर पानभर परिचय लिहितो आणि तो कागद खाली नावासकट त्या काचेत महिनाभर लागतो. मी अकरा वर्षं समितीवर आहे. या अकरा वर्षांत तिथे बँकेतून निवृत्त झालेल्यांची नावं लागली, शिक्षकांची लागली, एका डॉक्टरांचं लागलं, ज्यांनी पुस्तक अर्धंच वाचलं होतं. माझं लागलं नाही. मला समितीवर घेतलं ते कपाटांसाठी. सुताराचा भाव मी एका बैठकीत खाली आणला आणि तेव्हापासून पंखे, खुर्च्या, गळके पत्रे, जिथे कोणाशी घासाघीस करायची तिथे मला पुढे करतात. पुस्तक वाटायची वेळ आली की मात्र सर सगळ्यांकडे बघत जायचे आणि माझ्यावरून नजर अशी न्यायचे, जणू मधे खांब आहे.

सर म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. आठवी ते दहावी मला मराठी त्यांनीच शिकवलं. दहावीचा निकाल हातात घेऊन मी उभा होतो तेव्हा त्यांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले, "तू आपला धंदा कर." मी केला. आज गोखिवऱ्यात माझे दोन गाळे आहेत. बंद पडलेल्या कारखान्यांतून जुने लेथ, प्रेस, प्लास्टिक मोल्डिंगच्या मशिनी उचलतो, दुरुस्त करतो, विकतो. सल्ला बरोबर निघाला म्हणून सल्ला देणारा आवडलाच पाहिजे, असं काही नाही.

तर एका रविवारच्या बैठकीत बालविभागासाठी बारा अंकांचा एक संच आला. नायगावच्या पुस्तकवाल्याने बघायला पाठवला होता. सुपरहिरो कुटुंबाच्या साहसकथा, रंगीत चित्रांच्या. सरांनी वरचा अंक दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, "हे कोण वाचणार?"

सगळे एकदम चहा पिऊ लागले.

"शेठ, तू घेऊन जा," सर माझ्याकडे वळले. "चित्रंच आहेत."

बाकीचे हसले. मी हसलो नाही. पण संच घेतला. सरळ हिशेब होता. समितीने हे अंक घेतले तर परिचय लागणार, आणि परिचय मी लिहिला तर खाली नाव माझं लागणार. न घेतलेल्या पुस्तकाचा परिचय लागत नाही. म्हणजे हे रद्दीचं बाड वाचनालयात यायला हवं होतं, आणि ते यावं असं तिथे फक्त मला वाटत होतं.

मालिकेचं नाव सांगत नाही. फुकट जाहिरात करायची मला सवय नाही.

घरी आल्यावर पहिला अंक उघडला. बाप, आई, मुलगी, मुलगा आणि बापाची बहीण, म्हणजे मुलांची आत्या. समुद्रकिनारी बंगला. बापाने पाय आपटला की समोरचं काहीही जागच्या जागी थांबतं. आईला शहरातलं सगळं ऐकू येतं. मुलीने हात लावला की वस्तूचं वजन नाहीसं होतं. मुलगा डोळे मिटले की दिसेनासा होतो, आणि त्यामुळे त्यालाही काही दिसत नाही, म्हणजे ही शक्ती की अपंगत्व, ते लिहिणाऱ्याने ठरवलेलं नाही. आत्याला काही येत नाही. ती जेवण करते. बंगल्यात रात्रंदिवस दिवे जळतात. बिल कोण भरतं, बारा अंकांत एकदाही कळत नाही. बाप कामाला जात नाही. आईसुद्धा नाही. नळाला चोवीस तास पाणी. आमच्याकडे नव्या टॉवरमधली माणसं टँकरची वाट बघत बादल्या मांडून बसतात. त्यांना हे कुटुंब दाखवलं तर आधी पाणी कुठून येतं ते विचारतील.

तिसऱ्या अंकात मुलगी बुडती बोट वर काढते. बोटीला दोर जिथे बांधलाय तिथे बांधला तर बोट वर यायची नाही, आडवी होईल. मी काही कोळी नाही, पण पाचूबंदरच्या धक्क्यावर अर्धा तास उभ्या राहिलेल्या माणसालाही एवढं दिसतं. चौथ्या अंकात खलनायकाचा कारखाना आहे. जग जिंकायचं यंत्र. त्याला मोटार नाही, पट्टा नाही, वंगण घालायला जागा नाही, फक्त लाल दिवे. ते यंत्र मी भंगाराच्या भावातही उचललं नसतं. आणि जग जिंकून हा माणूस करणार काय, तेही सांगत नाही. पाचव्यात आई दहा कोसांवरची कुजबुज ऐकते आणि शेजारच्या खोलीत रडणाऱ्या मुलीला विचारते, "तुला काय झालं?"

सहाव्या अंकात मधली चार पानं उलटी शिवलेली होती.

मी बाजूला वही घेऊन बसलो होतो. बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"अहो, वाचताय की भांडताय?"

"बिनडोक आहे सगळं."

"मग ठेवा."

"काम आहे."

"कालपासून सहावा चाललाय. माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम तुम्ही चार मिनिटांत संपवला होतात."

मी सातवा उघडला.

सातव्यात मारामारी नाही. खलनायक बंगल्यावर येतो आणि चौघांच्या शक्ती विकत मागतो. चौघं बिचारी शक्तिमान, बोलायला कोणाला येत नाही. तेव्हा पदर खोचून आत्या बाहेर येते आणि त्याच्यासमोर बसते. सोळा पानं फक्त दोन माणसं आणि मधे एक टेबल. ती आधी स्वतःच्याच घरच्यांना नावं ठेवते. हा पाय आपटतो त्याने फरशा फुटतात, हिला सगळं ऐकू येतं म्हणून झोप नाही. खलनायकाला वाटतं, स्वस्तात मिळणार. मग ती त्याच्या किमतीवर हसते. मग उठते आणि दाराकडे चालू लागते. चित्रकाराने तिचा हात कडीवर काढलाय आणि मान वळवलेली नाही. मागे खलनायक अर्धा उठलेला. ते पान मी बराच वेळ बघत बसलो. कडीवर हात ठेवून मागे न बघणं हे पुस्तकात शिकून येत नाही. काढणारा असो की काढणारी, त्या माणसाने कधीतरी बाजारात स्वतः काहीतरी विकलेलं आहे. बावीस वर्षं मी हेच करून खातोय. मला वाटलं होतं, हे कोणी बघत नाही.

पुढच्या चौकटीत आत्या वळते. एक चौकट लवकर वळते. ते मी वहीत लिहिलं.

उरलेले पाच अंक मारामारीचे. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. तरी मी बोललो, अडीच पानं. चित्रातले दोर, यंत्रं, लाइट बिल, उलटी पानं, कमी मारलेल्या पिना, सगळं ओळीने लिहिलं. गोखिवऱ्यात मशीन बघायला जातो तेव्हा मी असंच करतो. जी नको असते तिच्याकडे बघतही नाही, चहा घेऊन निघतो. जी हवी असते तिच्याभोवती दोन तास फिरतो, खिळा न् खिळा काढून दाखवतो, हात काळे करतो आणि शेवटी म्हणतो, "या भावात नको." एवढं ऐकलं की विकणारा खुर्ची पुढे ओढतो, कारण व्यवहार सुरू झालेला असतो. मी परिचयाची शेवटची ओळ तीच लिहिली. या भावात नको.

पुढच्या रविवारी सरांनी माझा कागद मोठ्याने वाचला. मधे दोनदा थांबून माझा शब्द सुधारला, एक घरच्या बोलीतला होता तो खोडला. शेवटची ओळ वाचून त्यांनी कागद घडी केला.

"शेठने काम चोख केलंय. म्हणजे नको. संच परत पाठवा."

"मी नको म्हटलेलं नाही," मी सांगितलं.

"अरे, शेवटच्या ओळीत शब्दच तो आहे."

"त्याच्याआधी 'या भावात' आहे."

"ठीक आहे रे. आपल्याला कुठल्याच भावात नको. पुढचा विषय, पंखे."

मला संताप आला. अडीच पानं लिहिणारा माणूस नको म्हणतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यात वांगंही निवडून घेतलं नसणार. मी उठलो आणि दाराकडे चालू लागलो. कडीवर हात ठेवला. मान वळवली नाही. मागे पंख्यांची चर्चा चालू होती. कोणी हाक मारली नाही. मी स्कूटरपर्यंत गेलो, चावी लावली, किक मारली, आणि तरीही कोणी बाहेर आलं नाही.

तीन दिवस गाळ्यावर सगळ्यांवर ओरडलो. चौथ्या दिवशी नायगावला गेलो. पुस्तकवाल्याचं दुकान एका नव्या टॉवरच्या खाली आहे. मला बघून त्याने काउंटरखालून पुडकं वर काढलं.

"या शेठ. बाजूला काढून ठेवलाय."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. सरांनी संचाबरोबर तुमचा कागद पाठवलाय, मला समज द्यायला. ज्याला माल नको तो एका ओळीत परत करतो. तुम्ही पिना मोजल्यात."

धंद्यातल्या माणसाला जे एका नजरेत कळलं ते पाच शिकलेल्यांना कळलं नव्हतं. त्याचा आनंद फार टिकला नाही.

"किती कमी करणार?"

"छापील किंमत."

"सहाव्यात पानं उलटी आहेत."

"वाचलं मी. तुमच्याच अक्षरात."

मी दाराकडे चालू लागलो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाट्या दाखवू लागला. मी बाहेर जाऊन समोरच्या टपरीवर चहा प्यायलो, परत आलो आणि छापील किंमत दिली. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

संच आणि त्याच्याबरोबर परत मिळालेला माझा कागद घेऊन सरळ सरांच्या घरी गेलो. सर ओट्यावर पेपर वाचत होते. पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं.

"वाचनालयाला भेट. भेट आलेल्या पुस्तकाचा परिचय लागतो ना?"

"लागतो," सरांनी पेपर बाजूला केला. "परिचय लागतो. तू लिहिलंस ती फिर्याद आहे. वाचणाऱ्याला पुस्तक उघडावंसं वाटलं पाहिजे. पाच ओळी चांगल्या लिही."

"एक पण नाही."

"तीन."

"सर, माल वाईट आहे. तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय."

"एवढा वाईट आहे तर छापील किमतीला उचललास कशाला? फोन आला होता मला नायगावहून. हसत होता तो."

मी पुस्तकवाल्याचा हिशेब नंतर बघायचं ठरवलं.

"दोन ओळी," सर पुढे झुकले, "आणि लाइट बिल काढून टाक. पोरांना काय करायचंय लाइट बिल."

"लाइट बिल राहणार. एक ओळ देतो."

"मग पिना काढ. आणि कागद एक, अडीच पानं काचेत मावत नाहीत."

"पिना काढतो. दोर आणि यंत्र राहणार."

"राहू दे. लिही ती एक ओळ. इथे बसून लिही, घरी गेलास की शब्द फिरवशील."

त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातातलं पेन पहिल्यांदा माझ्या हातात आलं. मला त्यांच्याबद्दल माया वगैरे वाटली नाही. पेन गळकं होतं. मी कडेच्या पेपरावर पुसलं आणि 'या भावात नको' खोडून त्या जागी लिहिलं, "सातवा अंक मी दोनदा वाचला."

सरांनी चष्मा वर केला आणि ओळ वाचली.

"दोनदा?"

"दोनदा."

"त्यात काय आहे?"

"उघडून बघा. त्यासाठीच लिहायला सांगितलंत ना."

ते पुडक्याची दोरी सोडायला लागले. मी उठलो आणि निघालो. या वेळी फाटकापाशी मागे वळून पाहिलं, हे धंद्याच्या नियमाविरुद्ध आहे. सर एकेक अंक खाली ठेवत सातवा शोधत होते.

एका पानात पुन्हा उतरवून दिलेला कागद पुढच्या सोमवारी लागला. जागा दिली ती खाली, कोपऱ्यात, चपला बाहेर काढण्याच्या सूचनेला चिकटून. वाचायचा तर गुडघे वाकवावे लागतात. मी वाकवले. काचेत लावण्याआधी सरांनी त्यावर लाल पेन चालवलं होतं. एक वेलांटी, एक अनुस्वार आणि 'शिवलेली'च्या जागी 'टाचलेली'. आख्ख्या गावासमोर, माझ्या नावाच्या वर, लाल शाईत तीन चुका.

चौथी त्यांना सापडली नाही. सातवा अंक मी पाच वेळा वाचला होता.