क्लिअरभाऊ

भाऊंचं कुठलंही बोलणं ‘क्रिस्टल क्लिअर?’ विचारल्याशिवाय संपत नसे. पांडेसऱ्याच्या आमच्या डाईंग मिलमध्ये ते ऑफिसात कारकून होते आणि मी घडी-पॅकिंगला. मूळचे आमच्याच धुळ्याकडचे. इंग्रजी येणारा आपला माणूस तेवढा एकच, म्हणून बँकेचा असो की दवाखान्याचा, प्रत्येक कागद त्यांच्याकडे जाई. सगळे त्यांना क्लिअरभाऊच म्हणत.

जेवणाच्या सुट्टीत ते मला इंग्रजी शिकवत. एकदा मी म्हणालो, “भाऊ, आज चहा क्रिस्टल क्लिअर आहे.”

“मग त्यात दूध घालायचं राहिलं,” ते हसत म्हणाले. “क्रिस्टल म्हणजे स्फटिक, आरपार दिसणारा. पाण्याला म्हण, काचेला म्हण. पण खरा वापर बोलण्याला. जिथं शंकेला जागाच नाही, तिथं. आणि पुढे ‘व्हेरी’ लावू नकोस, ते त्यातच आलं.”

मिलमधलं आमचं घडी-पॅकिंगचं खातं बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा ते इंग्रजी कागद घेऊन आले. आम्ही अकरा जण होतो. “कामरेजच्या नव्या युनिटला बदली,” त्यांनी वाचून सांगितलं. “मजकूर क्रिस्टल क्लिअर आहे. सह्या करा.” आम्ही केल्या.

सोमवारी कामरेजच्या गेटवर वॉचमनने यादी पाहिली आणि म्हणाला, “तमारां नाम नथी.” आमची नावंच यादीत नव्हती. हायवेच्या कडेला बसून मी खिशातली प्रत उघडली. एकेक शब्द लावत गेलो. आम्ही स्वखुशीने नोकरी सोडत आहोत, असं लिहिलं होतं.

तिथून उधन्याला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. भाऊ खाली बघून म्हणाले, “शेठनं माझ्यासमोर दोनच कागद ठेवले होते रे. एक तुमच्या राजीनाम्याचा, एक माझ्या.”

“आम्हाला सांगायचं तरी, भाऊ.”

मी पाणी न पिता उठलो. त्यानंतर आमची भेट नाही.

आता दुसऱ्या मिलमध्ये लोक माझ्याकडे कागद आणतात. मी सावकाश वाचतो, न कळलेला शब्द कळला नाही म्हणून सांगतो. भाऊंचा राग अजून जात नाही, पण स्वतःवरचा त्याहून जास्त आहे. सहीआधी तो कागद माझ्या हातात होता. वाचण्यापुरतं इंग्रजी मला त्यांनीच शिकवलं होतं. पण भाऊंनी वाचून दाखवल्यावर आपण पुन्हा वाचायचं, हा मला त्यांचा अपमान वाटला.