सिस्टरना वाचून दाखवलेली कार्डं

खालापुरात मुलींची शाळा सातवीला संपत होती. त्यानंतर मुलगी दाखवायला सुरुवात होई, आणि ते मला नको होतं. वडील कचेरीत कारकून. त्यांना माझ्या गणिताचं कौतुक, म्हणून त्यांनी मला कर्जतजवळच्या मिशनच्या शाळेत घातलं, वसतिगृहासकट. आत्याला हे अजिबात पसंत नव्हतं. ती घरात थोरली, वडील तिच्या शब्दाबाहेर सहसा जात नसत. तिने तीन प्रश्न ठरवून दिले. पंगतीत वेगळी बसतेस ना? त्यांच्या देवळात जात नाहीस ना? गळ्यात काही घातलं नाही ना? दर आठवड्याच्या कार्डात तिन्हींची उत्तरं हवीत. आणि कार्डं दोन्हीकडून मोडीत लिहायची, म्हणजे तिथे कोणाला वाचता येणार नाहीत.

शाळेचा नियम नेमका उलटा होता. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र सिस्टर वाचत. सिस्टर वसईकडच्या, मराठी आपल्यासारखंच बोलणाऱ्या, पण मोडी त्यांना येत नव्हती. दिवस बेचाळीसच्या चळवळीनंतरचे. डोंगरात माणसं लपली आहेत अशी बोलवा होती, पोलीस मधूनच फाटकापर्यंत येऊन जात. न वाचता येणारं कार्ड सिस्टरना कसं चालावं? फाटकावरची बाई टपाल आणून देताना दर वेळी म्हणे, "घे गं तुजं कार्ड. अक्षरं हायत का कोंबडी नाचून गेली?"

तोडगा असा निघाला की आलेलं आणि जाणारं प्रत्येक कार्ड मी सिस्टरसमोर उभी राहून मोठ्याने वाचायचं.

सरळच सांगते. जाणाऱ्या कार्डातली ती तीन उत्तरं मी कधीच वाचून दाखवली नाहीत. सिस्टरना ती लागली असती, शिवाय त्यातली दोन खोटी होती. मी सगळ्यांच्या पंगतीत जेवत होते आणि रविवारी प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसत होते. सक्ती कोणाची नव्हती, पण अभ्यासिकेत एकटीने बसण्यापेक्षा ते बरं वाटे.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परतले, आणि घरी राहिलेल्या माझ्या जुन्या वहीत आत्याला मेरीचं रंगीत चित्र सापडलं. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला शाळा ते देई, मग ती कुठल्याही घरची असो. पण हे आत्याला कोण सांगणार? लगोलग वडिलांचं कार्ड आलं. गुरुवारी तुला न्यायला येतो. शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवायला सांग. सामान बांधून ठेव.

दाखल्याचं नाव काढलं असतं तर सिस्टरनी त्याच दुपारी माझं नाव कमी केलं असतं. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून मुली थांबलेल्या होत्या. वडिलांची समजूत घालायला मला गुरुवारपर्यंत वेळ हवा होता. मी वाचलं, "गुरुवारी भेटायला येतो. घरी सर्व खुशाल." एवढं फारच थोडं वाटलं, म्हणून पुढे जोडलं, "गाय व्याली."

"छान झालं," सिस्टर म्हणाल्या. पण कार्ड माझ्या हातातून घेऊन त्यांनी दोनदा उलटसुलट पाहिलं.

आमच्याकडे गाय नव्हती.

गुरुवारी वडील आले, टोपी गुडघ्यावर ठेवून सिस्टरसमोर बसले. "दाखला तयार आहे ना, बाई?"

"कसला दाखला?"

"कार्डात लिहिलं होतं."

"कार्डात आपण भेटायला येतो म्हणाला होतात. आणि गाय व्याली म्हणून."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीत खाडाखोडीचा कागद समोर आला की ते असेच बघत असणार.

"हो," ते म्हणाले. "व्याली."

मग मला व्हरांड्यात घेऊन गेले. "काय झालं गं आपल्या गाईला?"

"पाडी."

"वा! दूध किती देते?"

"अण्णा, मला मॅट्रिक होऊ द्या."

"ते नंतर. यांना तू असं वाचून दाखवतेस, तर मला जे लिहितेस त्यातलं खरं किती?"

मी सांगून टाकलं. पंगत, शेवटचा बाक, चित्र कशाबद्दल मिळालं, सगळं. गळ्यात मात्र काही नाही, म्हटलं, आणि मान पुढे केली.

"आता काढून ठेवलं असशील," ते म्हणाले.

संपलं, असं मला वाटलं. ते आत गेले, मी मागोमाग. त्यांनी सिस्टरना खरं कार्ड शब्दन् शब्द सांगितलं. मग म्हणाले, "बाई, हिला बाटवणं तुमच्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही ठेवून घेणार असाल तर मॅट्रिकपर्यंत राहू दे. पण हिच्या वाचण्यावर माझा विश्वास नाही."

"माझा पहिल्यापासून नव्हता," सिस्टर म्हणाल्या.

दोघंही हसली. एकमेकांशी इतकं मोकळं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि विषय मी होते. मला बाजूला उभं ठेवून अटी ठरल्या. यापुढे वडील बाळबोध अक्षरात सिस्टरच्या नावाने लिहिणार, सिस्टर मला वाचून दाखवणार. माझं कार्डही बाळबोधच, खाली सिस्टरची सही. "आणि रविवारी," सिस्टर म्हणाल्या, "ही अभ्यासिकेत बसेल. एकटी."

मी राहिले, मॅट्रिकही झाले. पण सहीचं पहिलं कार्ड घरी पोचलं तेव्हा आत्या म्हणाली, "सहीसुद्धा हिनेच ठोकली असेल." पुढच्या गुरुवारी वडील पुन्हा आले, सिस्टरना समोर सही करायला लावली, कार्डावरच्या सहीशी ती ताडून पाहिली आणि मला न भेटताच परत गेले.