दाराशी पिशवी, मास्तर पसार

टेलरमास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं चर्चची सगळी मंडळी म्हणते, आणि ते काही खोटं नाही. यंदा कुणाच्या कमरेचा घेर किती वाढला, ही बातमी माप घेतल्याच्या दिवशीच शेवटच्या बाकापर्यंत पोचते. अशा माणसाकडे एक गुपित तीस वर्षं टिकलं, याला चमत्कार नाही तर काय म्हणायचं?

गुपित असं. नाताळच्या आधी चर्चमध्ये तांदूळ, साखर, तेल, साबण, नवे कपडे गोळा होतात. त्या वर्षी ज्यांच्या घरात ओढाताण आहे त्यांची नावं पाद्रीसाहेब एकट्या मास्तरांच्या कानात सांगतात. मास्तर पिशवी भरतात, दाराशी ठेवतात, बेल दाबतात आणि पसार होतात. आभार मानायचं ओझं कुणावर पडू नये, म्हणून हा सगळा चोरीचा मामला. आता पिशव्याही मास्तरच शिवणार, उरलेल्या पडद्यांच्या कापडाच्या, आणि तसली दुहेरी शिलाई अख्ख्या गावात दुसरं कुणी घालत नाही. पण आपल्याला कोण ओळखतंय, म्हणून स्वारी खूश!

यंदा मात्र मास्तरांचा उजवा गुडघा रुसून बसला होता.

"अहो, चोरी करायला निघालात आणि पावलागणिक 'आई गं, आई गं'!" बायको म्हणाली. "चोरानं निदान गप्प तरी असावं."

पिशव्या कोण पोचवतं, एवढं चर्चच्या कमिटीला ठाऊक होतं. तिथंही हाच विषय निघाला. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही जिन्यात पडलात तर आमचा नाताळ दवाखान्यात व्हायचा. त्यापेक्षा लोकांना स्टेजवर बोलवू, हातात पिशवी देऊ, फोटो काढू."

बाई मनानं वाईट नव्हत्या हो. एकटीनं अकरा स्वेटर विणून दिले होते त्यांनी. पण जन्म गेला शाळेत. टाळ्यांशिवाय कुणाला काही देता येतं, हे त्यांना पटतच नव्हतं.

"आणि ज्याला स्टेजवर यायचं नसेल त्यानं?" मास्तरांचा आवाज चढला.

"बरं, यंदा तुमच्या मनासारखं करा. पण एकदा जरी सापडलात ना, तर पुढच्या वर्षीपासून स्टेज. ठरलं?"

ठरलं म्हणण्यावाचून इलाज नव्हता. कारण यादीत पहिलंच नाव होतं छापखानेवाल्याचं. कालपरवापर्यंत हाच माणूस दर नाताळला तांदळाचं पोतं आणून टाकायचा. सहा महिन्यांपूर्वी छापखाना बंद पडला. चर्चच्या गायनात सगळ्यात भारदस्त आवाज त्याचा. त्याला स्टेजवर बोलावून पिशवी दिली, तर तो पुन्हा चर्चची पायरी चढणार नाही, हे मास्तर ओळखून होते. आणि छापखाना काही पुढच्या वर्षी उघडणार नव्हता.

दिवेलागणीला मास्तर त्याच्या घराचे तीन मजले चढले. पिशवी ठेवली, बेल दाबली, वळले आणि तिसऱ्या पायरीवर गुडघा जो अडला तो अडलाच. पुढे जाईना, मागे येईना. मास्तर मटकन खाली बसले. आत चपला वाजल्या. संपलं सगळं! मास्तरांनी मफलर तोंडावर ओढला. जणू तसल्या सुटलेल्या पोटाचा दुसरा माणूस गावात होता!

दार काही उघडलं नाही.

"बाबा, बेल वाजली ना? उघडा की!" आतून मुलीचा आवाज आला.

"थांब गं. मास्तर अजून उतरले नाहीत," छापखानेवाला हळूच म्हणाला.

"मग आत बोलवा ना त्यांना."

"नको. आपल्याला ठाऊक नाही असं वाटतं त्यांना. तसंच वाटू दे. मी लहान होतो तेव्हा तुझी आजी शंभरपर्यंत मोजायची, मग दार उघडायची. आपण दोनशे मोजू. गुडघा दुखतोय त्यांचा."

"एक, दोन, तीन..." पोरीनं सुरू केलं.

तीस वर्षं लोक दारामागे आकडे मोजत उभे होते! मास्तरांना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग इतकं भरून आलं की मफलरनंच डोळे पुसावे लागले. पोर साठावर पोचली तेव्हा ते कठडा धरून उठले. आजवर चवड्यांवर उतरणारा माणूस आज मुद्दाम धाडधाड पाय आपटत उतरला. प्रत्येक पायरीला कळ मस्तकात जात होती. पण आपण गेलो हे पोरीला कळायला हवं होतं. किती वेळ ताटकळायचं तिनं? खालच्या मजल्यावर पोचताना त्यांनी वर कडी निघालेली ऐकली.

"सापडलात का?" दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं.

"कुणीही पाहिलं नाही, बाई," मास्तर म्हणाले. त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

नाताळच्या सकाळी छापखानेवाला गायनात आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला आणि खणखणीत गायला. उपासना संपल्यावर सगळे बाहेर पडले, तेव्हा तो गर्दीतून मास्तरांजवळ आला आणि त्यानं त्यांच्या काखेत हात घातला.

"जपून हां, मास्तर. पायऱ्या ओल्या आहेत."

पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

"हो ना, फारच ओल्या आहेत," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपला सगळा भार त्याच्या हातावर टाकला.