पेटी आली ना?

आम्ही बौद्ध माणसं. चमत्कार मानायचा नाही, हे बाबांनी लहानपणीच मनावर ठसवलेलं. त्यामुळे त्या सकाळी जे घडलं त्याला काय म्हणावं, ते मला अजून कळत नाही.

नागभीडजवळ विहाराच्या शाळेत मी पहिली ते आठवीला चित्रकला आणि संगीत शिकवते. यंदा समितीतल्या एका सदस्यांनी टुमणं लावलं होतं, की गाण्याचे अन् रंगांचे तास बंद करून गणित घ्या. शेवटी ठरलं, वर्धापनदिनी पोरांचं बुद्धगीत ऐकायचं आणि मग काय ते ठरवायचं. मी जीव ओतून तयारी करून घेतली. आणि त्याच सकाळी हार्मोनियम उघडून पाहते तर काय, उंदरांनी भाता कुरतडून ठेवलेला. दाबला की नुसती हवा. गेले माझे तास!

पाचवीतल्या शीतलचे वडील, रामदासभाऊ, ऑटो घेऊन फाटकात उभे होते. त्यांना म्हटलं, "भाऊ, गावात कुणाकडं पेटी असेल तर लवकर आणा." ते लगेच निघाले. इकडं समिती येऊन बसली, पोरं रांगेत उभी राहिली, माझा जीव वरखाली. एकदाचा ऑटो आला. त्यातून आधी भाऊंची म्हातारी आई उतरली आणि मागून भाऊंनी उतरवली, कपड्यांची लोखंडी पेटी!

"भजनवाल्यायची पेटी बाहेरगावी गेली बाई," भाऊ ओशाळून म्हणाले. "मी घरी फोनवर नुसतं शाळेत पेटी पायजे म्हटलं. तं आई हे घेऊन रस्त्यावरच उभी. तिले नाई कसं म्हणू?"

"लगनातली हाय माही," आजी धापा टाकत म्हणाल्या. "तुमीच पालकायच्या मीटिंगमधी बोलल्या ना, पोरायचे चित्रं उंदरं खाते म्हणून? लुगडे काढले अन् आली."

हसावं की रडावं! मी विहारातल्या भंतेजींकडं धावले, म्हटलं, कार्यक्रम राहू द्या. ते शांतपणे म्हणाले, "पेटी आली ना? मग सुरू करा."

मी हात टेकले. पेटी मधोमध ठेवली. शीतलनं मांडी घालून झाकणावर ठेका धरला आणि काय भरदार आवाज निघाला! सूर द्यायला काहीच नव्हतं, म्हणून पोरांनी तो आपला आपणच उचलला, माझ्या रोजच्या पट्टीच्या जरा खाली, त्यांच्या गळ्याला झेपेल असा. एवढी मोकळी ती कधीच गायली नव्हती. ते गणितवाले सदस्य डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होते. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "तास राहू द्या."

मी मागितली एक पेटी, आली दुसरी, आणि लागत होती तीच. कुणी धाडली, याचा खल मी करत नाही. रोज संध्याकाळी बुद्धरूपापुढं नुसते हात जोडते. आता पोरांची चित्रं त्याच पेटीत असतात, झाकणावर त्यांनी पिंपळपानं रंगवली आहेत. परवा आजी शाळेत आल्या, तेव्हा मी विचारलं, लुगडी कुठं ठेवता आता?

"दोरीवर," त्या म्हणाल्या. "ते जाऊ द्या बाई. माही पेटी गाते म्हणते शीतल. मले आयकवा ना अजून एकदा."