घंटेपासून जपमाळेपर्यंत

निर्मळ गावात इझाबेल मावशीला ओळखतात ते सुकेळीवरून. केळी सोलायची, उन्हात पसरायची, दव पडायच्या आत गोळा करायची, पुन्हा पसरायची आणि तयार झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात बांधायची. बाराव्या वर्षापासून तिने हेच केलं. लग्न केलं नाही, म्हणजे कुणी करून दिलं नाही. भाऊ लवकर गेला, वहिनी अंथरुणाला खिळली, भाचा कॉन्रॅड पाळण्यात. घरात राबणारे हात तिचेच. त्याच सुकेळीवर कॉन्रॅड शिकला आणि बँकेत चिकटला. हे मी लिहितोय, कॉन्रॅडने कधी कुणाला सांगितलं नाही. घर, वाडी, विहीर सगळं त्याच्या नावावर. मावशीचं म्हणावं असं मागच्या पडवीत एक खाट आणि एक पोपट.

पोपट एका पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाला मेलेल्या माडाच्या ढोलीतून खाली पडला होता, म्हणून त्याचं नाव पास्कू. एक पंख वाकडा. दिवसभर अंगणात शीळ घालणारा हा शहाणा, अंधार पडू लागला की घाबरायचा, पिंजऱ्याच्या तारांवर अंग आपटायचा. त्याला निजवायची मावशीची एक रीत होती. चर्चची सांजेची घंटा झाली की पिंजरा आत आणायचा, वाटी काढून घ्यायची, तीन बाजूंनी आपलं जुनं लाल लुगडं घालायचं. चौथी बाजू आपल्याकडे उघडी ठेवायची, कारण एकदम काळोख केला की तो पुन्हा बिथरे. मग समोर बसून बारीक आवाजात जपमाळ. निम्म्या जपमाळेला तो पिसं फुगवी, एक पाय पोटाशी घेई, चोच करकर घासू लागे. तो आवाज आला की उघड्या बाजूवरही लुगड्याचा पदर सोडायचा. सहा वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही.

१९८७च्या उन्हाळ्यात कॉन्रॅडने विहिरीवर मोठा पंप बसवला, पडवीपासून दहा पावलांवर. आचोळे-तुळिंजला इमारती उठत होत्या, नळाचा पत्ता नव्हता, आणि आमच्या वाड्यांतलं पाणी टँकरने तिकडे जायला लागलं होतं. दिवसा गावाची नजर असते, म्हणून टँकर यायचा दिवे लागायच्या वेळेला. पंप सुरू झाला की पडवीतली भांडी थरथरत. पास्कूने आठवड्याभरात स्वतःच्या छातीवरची पिसं उपटून काढली. कातडी दिसायला लागली.

मावशी कॉन्रॅडला म्हणाली, "घंटेला पंप बंद ठेव."

"आते, पोपटासाठी टँकर उभा ठेवू?"

"पोपटासाठी मागितलं तर तू देणार नाहीस, ते मला माहीत आहे. घंटेसाठी मागते. तुझा आजा घंटा झाली की रहाटाचा बैल थांबवायचा. बैलसुद्धा आपसूक उभा राही. तू बँकेत आहेस."

कॉन्रॅडची बायको रिटा ओट्यावरून म्हणाली, "द्या हो अर्धा तास. उद्या फादरांच्या कानावर गेलं म्हणजे?"

तेवढ्यावर ठरलं. घंटेपासून जपमाळ संपेपर्यंत पंप बंद. घरात आयुष्यभर राबून मावशीने मागून मिळवलेली ही पहिली गोष्ट. सुकेळी बांधता बांधता तिनेच मला हे सांगितलं, हसत. पास्कूच्या छातीवर नवी लव आली होती, तीही दाखवली.

मी ते ऐकून घेतलं आणि वेगळाच हिशेब मांडला.

गावचं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून काढलेली आमची पाणी समिती तेव्हा तीन वेळा तोंडावर आपटली होती. भरलेला टँकर रस्त्यात अडवायचा म्हणजे चाकाखाली जायची तयारी हवी, आणि आमच्यातले अर्धे सभेला चहा प्यायला येत. पण पाइप लावलेला, अर्धा भरलेला, पंप बंद म्हणून अर्धा तास एका जागी उभा टँकर? तो तर दावणीला बांधलेलाच.

समितीतल्या क्लेमेंटने तोंड वाकडं केलं. "विठ्ठल, घंटेला नको. त्या वेळेला आपल्याकडे कुणी शिवीपण देत नाही."

"तू तुझी प्रार्थना सांभाळ, मी विहिरी सांभाळतो," मी म्हणालो. माझी आई ख्रिस्ती नव्हती, तरी घंटा झाली की विळा खाली ठेवायची. हे मला माहीत होतं. तरी म्हणालो.

शुक्रवारी घंटेचा पहिला ठोका पडला, पंप थांबला, आणि आम्ही चाळीस जण घोषणा देत कॉन्रॅडच्या वाडीत घुसलो. टँकरच्या चाकांची हवा सोडली, पाइप कापला. मी टँकरवर चढून भाषण ठोकलं. मागून पास्कूचं किंचाळणं माझ्या आवाजावर येत होतं. पडवीच्या दारात मावशी उभी होती, हातात लुगड्याचं टोक. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला.

रिटाने पुढचं माझ्या बायकोला, मालनला, सांगितलं. कॉन्रॅडने विचारलं, "ही वेळ त्या पुढाऱ्याला कुणी सांगितली?"

"मी," मावशी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मग आता घंटा नाही आणि काही नाही."

आमचा विजय आठ दिवस टिकला. टँकर परत आला, बरोबर दोन दांडगे घेऊन, आणि पंप साडेपाच ते नऊ एकसारखा चालू लागला. समितीतले तीस जण घरी बसले. मी मावशीला भेटायला गेलो. पास्कूची मान आता उघडी पडली होती.

"मावशी, लढ्यात थोडं सोसावं लागतं."

तिने सोपट आवळून गाठ मारली. "तू काय सोसलंस ते सांग. मग मी माझं सांगते."

माझ्याकडे सांगायला फक्त फोटो होता.

आमच्या घराला विहीर नाही, म्हणून पंपही नाही. चार दिवसांनी घंटा होत असताना मावशी पिंजरा डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली. मला म्हणाली नाही, मालनला म्हणाली, "कोपरा दे." मालनने पाट मांडला. तेव्हापासून रोज ती येते, पास्कूला निजवते, पिंजरा आमच्याकडे ठेवून घरी जाते, आणि सकाळी चर्चमधल्या मिस्सावरून परतताना घेऊन जाते. मी एकदा चहा विचारला.

"मालन, त्याला सांग, मी चहाला येत नाही."

त्या वेळेला आमच्या ओटीवर समिती बसलेली असली तर ती म्हणते, "मालन, ह्यांना बाहेर घाल." समिती उठते. जिल्ह्याच्या साहेबाला दारात उभा करणारे आम्ही, मुकाट्याने चपला घालून रस्त्यावर जाऊन उभे राहतो.

परवा असेच उभे होतो. कॉन्रॅडच्या वाडीतून टँकर भरून निघाला, वळणावर हळू झाला. दांडगे नव्हते, ड्रायव्हर एकटाच.

क्लेमेंट म्हणाला, "अडवायचा?"

घरातून जपमाळेचा आवाज येत होता.

"जाऊ दे," मी म्हणालो.

क्लेमेंटने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टँकर आमच्या समोरून, पाणी सांडत, आचोळ्याकडे गेला.